‘ओपन’ ही कोणाची जात?

ओपन हा इंग्रजी शब्द मराठीत चांगलाच मुरला आहे. दुकान ओपन होते, फाईल ओपन होते, शस्त्रक्रिया ओपन हार्ट असते, लेआऊटमध्ये ओपन स्पेस असते (तिथे पुढे मंदिर उभे राहते, ते सोडा). बॅटिंगला आधी उतरणारा ओपनर आणि बाटलीचे झाकण काढायचे तेही ओपनरच. सगळीकडे मूळ अर्थ एकच : उघडे, अडसर नसलेले.

पण प्रवेशाच्या रांगेत एखादा म्हणतो, "मी ओपनचा", तेव्हा अर्थ उलटा होतो. ‘चा’ लागला की शब्दाला मालक मिळतो. ओपन ही उघडी जागा राहत नाही, काही जातींचे आडनाव बनते. पुढचे वाक्यही ठरलेले : "राखीव जागा घेऊन वर आमच्या ओपनमध्येही घुसतात."

‘आमच्या’ हे कोणी ठरवले?

इंद्रा साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1992 सालीच सांगितले की खुल्या स्पर्धेत गुणवत्तेवर निवडलेला मागासवर्गीय उमेदवार राखीव कोट्यात मोजायचा नाही. तरी 2020 मध्ये तेच पुन्हा सांगावे लागले. उत्तर प्रदेशच्या पोलीस शिपाई भरतीत खुल्या यादीतल्या शेवटच्या महिलेपेक्षा ओबीसी महिलांना जास्त गुण होते, तरी त्या बाहेर. सौरव यादव खटल्याच्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केले की खुला प्रवर्ग हा कोणा समूहाचा कोटा नाही, तो सर्वांना खुला आहे. यात अन्याय दुहेरी असतो. जास्त गुणांची मुलगी राखीव यादीत ढकलली, की तिथली एक राखीव जागा जाते आणि तिच्या मागची दुसरी मुलगी घरी बसते. फायदा कोणाला? ओपनला आपली जहागीर समजणाऱ्यांना!

बरे, त्यांना आरक्षण नाही म्हणावे तर 2019 च्या 103 व्या घटनादुरुस्तीने त्यांच्यातल्या आर्थिक दुर्बलांसाठी 10 टक्क्यांपर्यंत जागा राखून ठेवल्या. त्यात एससी, एसटी, ओबीसींमधल्या गरिबाला प्रवेश नाही. तिथे मात्र दार बंद!

कागदावर ओपन आणि प्रत्यक्षात बंद, हा खेळ आपल्याला नवा नाही. सीताराम केशव बोले यांचा ठराव 1923 साली मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला आणि महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केले. ठरावात ओपन! पण 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी खरोखर पाणी प्यायल्यावर काय झाले? आपल्या लोकांची डोकी फुटली, तळे ‘शुद्ध’ केले गेले, ऑगस्टमध्ये पालिकेने ठरावच मागे घेतला. मग कोर्टात सवर्णांचा दावा काय, तर तळे आमच्या खासगी मालकीचे! तोच ‘आमचे’. 1937 साली उच्च न्यायालयाने तो फेटाळला.

म्हणून निवड यादी लागली की आपल्या मुलांनी आधी ओपनची यादी उघडावी. शेवटच्या उमेदवाराचे गुण पाहावेत, स्वतःचे ताडून पाहावेत. वय वा इतर सवलत घेतली असेल तर त्या भरतीचा नियम वाचावा. गुण जास्त असूनही नाव राखीव यादीत टाकले असेल तर मुदतीच्या आत लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी.