पेटीच्या गुरूला जागा कोठे?

युरोपातील एखाद्या नगरीत पियानोवादक सभागृहात प्रवेश करतो तेव्हा रंगमंच त्याच्या एकट्याचा असतो. त्याच्या नावावर तिकिटे खपतात, आणि उतारवयात एखादे संगीत विद्यालय त्याला सन्मानाने अध्यापकपद देते. आमच्या मैफलीत मात्र पट्ट्यांवर बोटे फिरविणारा कलावंत गवयाच्या डाव्या हाताला किंचित मागे सरून बसतो. निमंत्रणपत्रिकेवर त्याचे नाव ‘साथ’ या शब्दाखाली बारीक टायपात छापले जाते. बिदागीचा आकडाही, हे सांगावयास नकोच, त्याच टायपाच्या मापाचा असतो. या स्थानावरून उठून आपले वाद्य मैफलीच्या मध्यभागी आणणारे जे थोडे वादक महाराष्ट्रात आणि गोमंतकात झाले, त्यांत पंडित तुळशीदास बोरकर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

१८ नोव्हेंबर १९३४ रोजी गोव्यातील बोरी गावी त्यांचा जन्म झाला. सुरांचे पहिले संस्कार आईकडून झाले. पुढे छोटा गंधर्वांच्या साथीला बसण्याचा योग आला, आणि पेटीचे खरे शिक्षण मिळाले ते मधुकर पेडणेकर, म्हणजे रसिकांना ध्वनिमुद्रिकांमुळे ठाऊक असलेले पी. मधुकर, यांच्याकडे. ही परंपरा मराठी माणसाला नवी नव्हती. गोविंदराव टेंबे यांनी त्यापूर्वीच पेटीला स्वतंत्र प्रतिष्ठा मिळवून दिली होती, आणि ‘मानापमान’च्या पदांना चाली देणारा हा कलावंत पेटीवर एकट्याने बैठक रंगवीत असे. परंतु बोरकरांच्या पिढीच्या वाट्याला एक वेगळेच विघ्न आले.

१ मार्च १९४० पासून आकाशवाणीने हार्मोनियमला दार बंद केले. त्या वेळचे नभोवाणीचे सूत्रधार लायोनेल फील्डन, आणि या वाद्याविरुद्ध लेखणी उचलणारे दिल्ली केंद्रावरील पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख जॉन फोल्ड्स. पेटी परकी म्हणून हाकलायची आणि हाकलणारेही परकेच, यातील विनोद त्या काळी फारसा कोणाला जाणवला नाही, कारण खुद्द रवींद्रनाथांचाही पेटीवर रोष होता. स्वातंत्र्य आले तरी बंदी गेली नाही. १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे नभोवाणी खाते सांभाळणारे डॉ. बाळकृष्ण केसकर मराठी होते, संगीताचे जाणकार होते. पण पेटीच्या बाबतीत त्यांचे मन द्रवले नाही. १९७० साली या विषयावर परिसंवाद भरला, आणि १९७१ मध्ये निवडक गायकांना साथीपुरती पेटी वापरण्याची मुभा मिळाली. स्वतंत्र वादनास मज्जाव त्यानंतरही अनेक वर्षे राहिला. बोरकरांच्या वयाच्या पाचव्या वर्षी लागलेली बंदी त्यांच्या छत्तिशीत सैल झाली, तीही अर्धीच. देशातील सर्वांत मोठे व्यासपीठ ज्याला ऐन उमेदीच्या काळात बंद होते, त्याने आपले आयुष्य त्याच वाद्याला वाहावे, ही गोष्ट आम्हांस कोणत्याही पुरस्काराहून मोठी वाटते.

बंदी घालणाऱ्यांचा आक्षेप मात्र अगदीच पोकळ नव्हता, हेही प्रांजळपणे म्हटले पाहिजे. पेटीचे सप्तक, पियानोप्रमाणेच, बारा समान तुकड्यांत बांधलेले असते. तंबोऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गांधारापेक्षा पेटीचा गांधार किंचित चढा लागतो, आणि तयार कानाला तो खुपतो. एका स्वरावरून दुसऱ्यावर सारंगी जशी घसरत जाते तशी मींड पट्ट्यांना साधत नाही. या उणिवेवर उपाय यंत्रात नसून हातात आहे. डाव्या हाताने भात्याचा दाब कमीअधिक करावा, खुपणाऱ्या स्वरावर ठाण मांडू नये, त्याला हलका स्पर्श करून पुढे जावे, आणि नाट्यपद वाजविताना त्यातील शब्दांचा श्वास जेथे तुटतो तेथेच भाताही थांबावा. बोरकरांची पेटी ऐकताना पद कोणी गात नसूनही शब्द कानी पडल्याचा भास होई तो यामुळेच. ही विद्या पुस्तकात उतरत नाही. ती गुरूच्या हाताकडे पाहत वर्षानुवर्षे बसूनच मिळते. त्यांनी ती हात राखून दिली नाही. सुधीर नायक, सीमा शिरोडकर यांच्यासारखे वादक त्यांच्या तालमीची साक्ष देतात. पेटीच्या साथीला स्त्रीने बसणे जेथे आजही अपवाद आहे, तेथे त्यांची शिष्या नामांकित गवयांना साथ करते, ही लहान गोष्ट नव्हे.

सरकारी सन्मान आले, पण रीतीप्रमाणे सावकाश. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार २००५ चा, आणि पद्मश्री २०१६ साली, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी. २९ सप्टेंबर २०१८ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. पुण्याचे आप्पा जळगावकर त्याआधीच, २००९ मध्ये, गेले होते. गुरूंच्या या पिढीमागून तिची जागा चालविणाऱ्यांच्या पोटापाण्याची व्यवस्था कोणी केली आहे काय, हा प्रश्न आता विचारला पाहिजे. आणि आम्ही तो हिंजवडीला विचारतो.

हिंजवडीलाच का, तर तेथे पेटीही आहे आणि पैसाही आहे, फक्त दोघांची गाठ पडलेली नाही. मुळशी तालुक्यातील भजनी मंडळांत पेटी पिढ्यान्‌पिढ्या वाजत आली आहे. म्हातोबाच्या बगाडाची यात्रा जपणारे हे गाव काही सुरांना पारखे नाही. शेजारच्या उत्तुंग इमारतींत संगणक अभियंत्यांची मुले विजेच्या कीबोर्डवर बोटे चालवितात. त्या मुलांना भात्याचा श्वास शिकवील असा माणूस शोधावयाचा तर वाहनांच्या गर्दीतून पुण्याच्या पेठा गाठाव्या लागतात, आणि तेवढा वेळ कोणत्या घराजवळ आहे?

२०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेहून मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात, आणि त्याच कायद्याच्या सातव्या अनुसूचीत कला व संस्कृतीच्या जतनाचा स्पष्ट उल्लेख आहे. झाडे लावण्याच्या छायाचित्रांतून थोडी सवड काढून हिंजवडीच्या कंपन्यांनी एक खोली, दोन उत्तम पेट्या आणि एका तयार वादकाचा पूर्ण पगार एवढा भार उचलावा, ही आमची मागणी आहे. या वर्गात इमारतींतली मुले आणि भजनी मंडळातली मुले एकाच चटईवर बसावीत. फक्त एक अट हवी: करार वर्षाचा नसावा, निदान दहा वर्षांचा असावा. कंपनीचे वर्ष मार्चअखेर संपते. पेटीवर हात बसावयास त्याहून पुष्कळ अधिक काळ लागतो.