पीओपी मूर्ती विसर्जनानंतर पुन्हा पेणला? संशोधनाला मोठा वाव

पेण तालुक्यातल्या हमरापूर, जोहे भागात गणेशमूर्तींचे कारखाने वर्षभर चालतात. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये पीओपी मूर्ती बनवायला मुभा दिली. जुलैत ६ फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करण्याचा आदेश आला. कारखाने वाचले, प्रश्न तलावाच्या तळाशी गेला.

घट्ट झालेले पीओपी म्हणजे जिप्सम. लिटरभर पाण्यात ते जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर अमोनियम बायकार्बोनेटचा उपाय काढला. बेकरीत वापरतात तीच ही पावडर. तळाशी कॅल्शियम कार्बोनेट बसते, पाण्यात अमोनियम सल्फेट, म्हणजे खत उरते. घरच्या बादलीसाठी हे झकास! पण रसायनशास्त्राचा हिशेब पाहिला तर मूर्ती जितकी जड, जवळपास तितकीच पावडर लागते. तलावात शेकडो मूर्ती आल्या की हा खर्च कोण करणार?

पीएचडीचा विषय खरा इथे आहे. जिप्सम साधारण १५० अंश सेल्सिअसला तापवले की पुन्हा पीओपी होते. मग गाळ पेणलाच परत का नेऊ नये? त्यातला रंग वेगळा करावा लागतो, शिवाय असे प्लास्टर पाणी जास्त मागते आणि ताकदीला कमी भरते. लोणेऱ्याचे तंत्रशास्त्र विद्यापीठ याच जिल्ह्यात आहे, रोह्याजवळ धाटावला रासायनिक कारखाने आहेत. प्रयोगाचा कच्चा माल तर दर अनंत चतुर्दशीला फुकट मिळतो.

मूर्तीला कमी पडले तरी सिमेंटला जिप्सम लागतेच, साधारण ३ ते ५ टक्के.