सर्टिफिकेटपुरतं ट्रेनिंग नको!

‘चार महिने हॉटेलात राबली, तर अभ्यास बुडेल हो!’ हॉटेल मॅनेजमेंट करणाऱ्या मुलींच्या आया हे हमखास बोलतात. मग ओळखीतल्या एखाद्या लॉजमधून नुसतं सर्टिफिकेट आणलं जातं. मुलगी घरीच, आई निर्धास्त!

मैत्रिणींनो, नुकसान होतं ते इथेच. ट्रेनिंग म्हणजे अभ्यासाला सुट्टी नव्हे, तो अभ्यासच आहे. पदवीच्या अभ्यासक्रमात काही महिने प्रत्यक्ष हॉटेलात काम करावं लागतं. किचन, सर्व्हिस, फ्रंट ऑफिस आणि हाउसकीपिंग ही चार मुख्य खाती. रोज लॉगबुक भरायचं, शेवटी रिपोर्ट लिहायचा, आणि त्याला मार्कही असतात.

शिवाय पुस्तकातलं खरं कळतं ते तिथेच. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान अन्नात जंतू झपाट्याने वाढतात, ही ओळ पाठ करून विसरता येते. पण थर्मामीटर लावून बघितल्यावर सूपचं अख्खं पातेलं ओतून द्यावं लागलं, की ती जन्मभर लक्षात राहते. ‘नाइट ऑडिट’ म्हणजे हॉटेलचा दिवसभराचा हिशेब मिटवणं. ते तर रात्रपाळीतच शिकायला मिळतं. अशी मुलगी पुढच्या वर्षीच्या परीक्षेत घोकलेलं नाही, बघितलेलं लिहिते.

मात्र नुसतं पाठवून भागत नाही. सगळे महिने एकाच कोपऱ्यात कांदे सोलायला बसवलं, तर शिक्षणही नाही आणि मार्कही नाहीत. दमून आलेल्या पोरीला वही उघडवत नाही, हेही खरंच. म्हणून कॉलेजला आधीच विचारा : चारही खात्यांत फिरवणार का? सर-मॅडम भेट द्यायला जाणार का? राहायची आणि रात्री परतायची सोय काय? आणि मुलीला सांगा, झोपण्यापूर्वी दहा ओळी तरी लिहीत जा.

सुरक्षिततेची काळजी रास्तच आहे. पण कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात ट्रेनी मुलीही येतात. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील, तिथे अंतर्गत समिती असायलाच हवी. समितीत कोण आहे, फोन कुणाला करायचा, हे मुलीने पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं.

मुलाला आपण मुंबई-गोव्याला बिनधास्त पाठवतोच ना? मग मुलीच्या वाट्याला नुसता कागद का? नोकरीच्या मुलाखतीत कागद बोलत नाही, तिलाच बोलावं लागतं!