पदपथ रुंद झाला म्हणून रस्ता अरुंद झाला?

पुण्याच्या जंगली महाराज रस्त्याची ख्याती डांबराची. सत्तरच्या दशकात रेकॉन्डो कंपनीनं दहा वर्षांची हमी देऊन तो बांधला आणि नंतर कित्येक पावसाळे त्यावर खड्डा पडला नाही, ही गोष्ट पुणेकर पाहुण्यांना आजही ऐकवतो. त्या गोष्टीत चालणारा माणूस मात्र कुठंच नसतो.

तो आला 2016-17 च्या सुमारास. महापालिकेनं या रस्त्याची पुनर्रचना हाती घेतली, पदपथ ऐसपैस केले, झाडं जागच्या जागी ठेवून बाकडी मांडली, मुलांसाठी खेळणी बसवली. मग तक्रार सुरू झाली : गाड्यांना जागा नाही आणि यांना बागा सुचतात! पदपथ वाढला, रस्ता आवळला, कोंडी वाढली, असा हा हिशेब.

वरवर बिनतोड वाटतो, पण शहरातली वाहतूक अडते ती बहुतेक वेळा चौकात. टाकी केवढीही असली तरी पाणी तोटीच्या मापानंच पडतं. दोन सिग्नलांमधला रस्ता वाढवून चारचाकी पुढच्या लाल दिव्यापाशी अर्धा मिनिट आधी पोचते, एवढंच. शिवाय ती वाढीव रुंदी गाड्यांना मिळते कुठं? दुहेरी पार्किंग, रिक्षांचा घोळका आणि 'दोनच मिनिटं' म्हणून उभी केलेली मोटार ती गिळून टाकतात. पार्किंगचे कप्पे आखून दिले आणि वाहनांची मार्गिका सगळीकडे सारख्या रुंदीची ठेवली, तर गाड्यांचं आत-बाहेर करणं थांबतं. यात वाहनचालकाचाही फायदाच आहे.

मोकळ्या रुंद रस्त्यावर वेग आपसूक वाढतो. ताशी 30 ऐवजी 60 किलोमीटर वेगानं येणाऱ्या गाडीच्या धडकेतली ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट असते. 2022 मध्ये देशात 32,825 पादचारी रस्त्यांवर मेले. रोजचे नव्वद. सेकंदाला मीटरभर चालणाऱ्या आजींना बारा मीटर ओलांडायला बारा सेकंद लागतात. कोपऱ्यावरचा पदपथ पुढं काढून ते अंतर सात मीटरवर आणलं, की त्यांचे पाच सेकंद धोक्याबाहेर गेले. याला सुशोभीकरण म्हणणाऱ्यांनी एकदा गुडघेदुखी घेऊन रस्ता ओलांडून पाहावा.

दुकानदारांची धास्ती वेगळी : गाडी लावता आली नाही तर गिऱ्हाईक येणार कसं? ऐन लग्नसराईत लक्ष्मी रस्त्यावर उभं राहून पाहावं. साड्यांच्या दुकानात शिरणाऱ्यांपैकी कितीजणांची गाडी दारात असते? दारातली एक मोटार पाच-सहा दुचाक्यांची जागा अडवते आणि बऱ्याचदा ती दुकानदाराचीच असते. 2021 पासून दरवर्षी 11 डिसेंबरला याच रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन साजरा होऊ लागला. वर्षातला एक दिवस! बैलांचाही पोळा एकच दिवस असतो म्हणा.

विरोधकांचा एक आक्षेप मात्र खरा आहे. पदपथ बांधले, राखले नाहीत. संध्याकाळी सिग्नल लागला की एखादा स्कूटरवाला उतारावरून अलगद वर चढतो, बाकड्यापाशी बसलेल्यांनाच हॉर्न देतो आणि पुढच्या उतारानं खाली येतो. खांब रोवलेले असतात, पण जिथं एक निखळलेला असतो ती वाट त्याला पाठ असते. हा दोष रुंद पदपथाचा नव्हे, अर्धवट सोडलेल्या कामाचा आहे. भिंतीला भोक पडलं म्हणून कुणी घर पाडत नाही.

करण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्यात नवं काहीच नाही. पदपथाची कड 150 मिलिमीटरहून उंच नको, हे भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांत आहे; तरी गुडघाभर उंच कडा बांधल्या जातात आणि माणसं मुकाट्यानं खाली उतरून गाड्यांमधून चालतात. खांबांमधलं अंतर असं हवं की चाकाची खुर्ची जाईल. भर रस्त्यावरच्या पार्किंगला पैसे मोजायला लावायचं धोरणही महापालिकेनं 2018 मध्ये मंजूर केलं होतं. सुरुवात मोजक्या रस्त्यांवरून व्हायची होती. पदपथाला जागा दिली म्हणून ओरडणारेच तेव्हा फुकट पार्किंग जाणार म्हणून ओरडले आणि ते धोरण वर्षानुवर्षं कागदावर राहिलं.