ट्रॅक्टर तारखेवर चालत नाही

अवजार बँकांनी देखभालीची वही बंद करून ते वेळापत्रक प्रकल्प व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरमध्ये न्यावे, असा आग्रह अलीकडे धरला जातो. तो रास्तच आहे. कृषी यांत्रिकीकरण उपअभियान २०१४-१५ मध्ये सुरू झाले आणि भाडेतत्त्वावरील अवजार केंद्रांना अर्थसाहाय्य मिळू लागले. अशा केंद्रात तीन-चार ट्रॅक्टर असले, की कोणत्या इंजिनाचे ऑईल केव्हा बदलले हे तेलकट वहीतून शोधणे जिकिरीचे होते. तथापि, हे स्थलांतर ज्या पद्धतीने केले जाते, तिच्याविषयी माझा आक्षेप आहे.

ही सॉफ्टवेअरे मुळात बांधकामासारख्या कामांसाठी घडली. त्यांना आरंभ आणि शेवट यांच्या तारखा लागतात. ट्रॅक्टर मात्र तासांवर चालतो. समजा, उत्पादकाच्या पुस्तिकेत इंजिन ऑईल २५० तासांनी बदलावे असे लिहिले आहे. भरताना आपण सोयीसाठी ‘दर तीन महिन्यांनी’ असे नोंदवतो. ऐन पेरणीत ट्रॅक्टर रोज दहा तास चालला, तर २५० तास पंचविसाव्या दिवशीच भरतात. पुढचे दोन महिने पडद्यावर सर्व काही हिरवे दिसते आणि इंजिन मात्र जळक्या तेलावर झिजत राहते. ते हंगामातच बसले, तर दुरुस्तीच्या खर्चापेक्षा रांगेतल्या शेतकऱ्याचा हुकलेला वाफसा अधिक महाग पडतो. एअर क्लीनरचे तर तासांवरही भागत नाही. कोरड्या रानात रोटाव्हेटर चालवला, की तो रोजच पाहावा लागतो.

म्हणून सॉफ्टवेअरमध्ये तारखेचे काम एकच ठेवावे: दर शनिवारी तासमापकाचे वाचन भरणे. पुढील देखभाल त्या वाचनावरून ठरावी. तास भरले नाहीत तरी वर्षातून एकदा ऑईल बदलण्याची सूचना पुस्तिकेत असल्यास तीही पाळावी. पुढची पाळी ठरलेल्या तारखेपासून न मोजता काम प्रत्यक्ष झाले तेव्हाच्या वाचनापासून मोजावी. बहुतेक चुका इथेच होतात.

आणि वाचन भरणार कोण? कार्यालयातील संगणकचालक नव्हे, तर ट्रॅक्टरचालक. त्याला मोबाइलवर त्याच्या भाषेत आकडा भरता येत नसेल, तर वही आणखी एक हंगाम चालू द्यावी. विस्तार कार्यकर्त्यांनी केंद्राला भेट देताना पडदा पाहण्याआधी ट्रॅक्टरवर चढून तासमापक वाचावा आणि दोन्ही आकडे जुळतात का ते पाहावे.