बांधावर या, मग ॲप बदला



१५ ऑगस्ट २०२१ पासून पीकपाहणी शेतकऱ्याच्या हाती दिली, असा डांगोरा सरकारने पिटला. आपले पीक आपण नोंदवायला आमची ना नाही. चावडीत बसून झालेल्या पाहण्या आम्ही पुष्कळ पाहिल्या आहेत! प्रश्न एवढाच की हे ॲप बदलताना विचारतात कुणाला?

संगणकवाल्यांची 'अ‍ॅजाइल' नावाची एक रीत आहे. २००१ साली अमेरिकेत सतरा जणांनी तिचा जाहीरनामा काढला. थोडे काम करायचे, गिऱ्हाइकाला दाखवायचे, त्याचे ऐकून दुरुस्त करायचे. रीत चांगली. गोम अशी की गिऱ्हाईक ठरते ते पैसे मोजणारे खाते. मुंबई-पुण्यात साहेबाने मान डोलावली की काम पास.

दुसरी रीत सांगते, जो वापरणार त्याच्या जागी जाऊन आधी पाहा. १९९९ पासून तिचे आंतरराष्ट्रीय मानक आहे. म्हणजे भर पावसाळ्यात बांधावर या. हात चिखलाने भरलेले, रेंज नाही, सातबारा नवऱ्याच्या नावावर आणि मोबाइल पोराच्या खिशात, पोरगा पुण्याला. सोयाबीनमध्ये तुरीचे तास आहे. आता 'निर्भेळ' दाबायचे की 'मिश्र', आणि तुरीचे क्षेत्र किती लिहायचे? कचेरीत बसून हे प्रश्न सुचत नाहीत.

या दोन रीतींची सांगड घातल्याशिवाय 'सुधारित' ॲप म्हणजे दर वेळी नवा चकवा. आणि हा खेळ फुकटचा नाही. २०२३ च्या खरिपातील कापूस-सोयाबीनला हेक्टरी ५००० रुपये, दोन हेक्टरपर्यंत, जाहीर झाले, तेव्हा आधी अट घातली ती ई-पीक पाहणीची. ॲपात नोंद नाही म्हणजे शेतात पीकच नव्हते, असा हा हिशेब! ओरड झाली तेव्हा कुठे सातबाऱ्यावरची नोंद चालू लागली.

आमची मागणी सरळ आहे. पाहणी चालू असताना ॲपचा चेहरा बदलू नका. बदल करायचा तर आदल्या हंगामात कोरडवाहू गावातल्या बाईच्या हाती देऊन पाहा, शेजारी बसा, मध्ये बोलू नका. ती जिथे अडेल तिथे ॲप दुरुस्त करा. तिला प्रशिक्षण देत बसू नका.

जिल्हा बैठकीला येताना, ज्यांची नोंद अडली त्यांनी गट क्रमांक आणि नेमके कोणत्या पानावर अडले ते कागदावर लिहून आणावे. तो गठ्ठा आम्ही जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवणार आहोत.