प्रबंध सुरक्षित, ध्वनिमुद्रणे मात्र बेवारस!
विद्यार्थ्यांच्या हार्ड डिस्कमधील ठेव्याला शिस्त कोण लावणार?

जळगाव, धुळे (विशेष प्रतिनिधी) : जुने ते जपून ठेवण्याची परंपरा खानदेशाला नवी नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे १९२६ मध्ये धुळ्यात निधन झाले. त्यांनी गावोगाव फिरून जमविलेल्या कागदपत्रांच्या जतनासाठी पुढच्याच वर्षी तेथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांची गाणी पुत्र सोपानदेव यांनी उतरवून ठेवली, म्हणूनच १९५२ मध्ये त्यांचा संग्रह निघू शकला. आज अहिराणी गाणी वहीऐवजी मोबाइलमध्ये टिपली जातात; ती पुढे कोठे राहतात, हा खरा प्रश्न आहे.

मध्यंतरी याचे उत्तर 'क्लाउड' असे होते. मात्र, गुगलने फोटोंची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद केली. शैक्षणिक संस्थांनाही २०२२ मध्ये १०० टीबीची सामायिक मर्यादा लागू झाली. वैयक्तिक खात्यावरील मोफत १५ जीबी जागा चित्रीकरणाला अपुरी पडते. साहजिकच विद्यार्थ्यांचा ओढा बाह्य हार्ड डिस्ककडे वळला.

जागेचा प्रश्न सुटला, तरी शिस्तीचा सुटलेला नाही. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल २' अशा नावांच्या गर्दीत मूळ फाइल हरवते. एकुलती एक डिस्क हातातून पडली, की वर्षाची मेहनत संपते. डिस्कवर फाइल हलविली म्हणजे 'बॅकअप' झाला, हा तर सर्वांत महागडा गैरसमज! ती एकच प्रत असते. केवळ जागा बदललेली असते.

उपाय खर्चिक नाहीत. वर्ष, विषय आणि प्रकल्प या क्रमाने फोल्डर करावेत. मूळ, संपादित आणि सादर केलेल्या फाइल वेगळ्या ठेवाव्यात. नावाच्या आरंभी वर्ष, महिना, दिवस याच क्रमाने तारीख लिहावी. फाइल आपोआप कालक्रमाने लागतात. फॅट-३२ पद्धतीच्या डिस्कवर चार जीबी वा त्याहून मोठी फाइल बसत नाही. विंडोज व मॅक या दोन्हींवर चालणारी एक्सफॅट पद्धत त्यासाठी सोयीची. मात्र, पद्धत बदलताना डिस्क कोरी होते, हे ध्यानात ठेवावे. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक अन्य ठिकाणी, हा जगभर मान्य झालेला नियम आहे. त्या प्रती अधूनमधून उघडून पाहणेही तितकेच आवश्यक.

तथापि, सारा भार विद्यार्थ्यांवर टाकणे योग्य नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार पीएच.डी.च्या प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत इन्फ्लिबनेटकडे जाते आणि 'शोधगंगा'वर जपली जाते. पण ज्या ध्वनिमुद्रणांवर तो प्रबंध उभा असतो, त्यांची अशी सोय नाही. पदव्युत्तर प्रकल्पांची स्थिती याहून निराळी नाही. गायिकेचे नाव, गाव, तारीख व संमती यांची नोंद असलेली एक प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने प्रकल्पासोबतच स्वीकारली, तर प्रश्न बराच सुटेल.

हार्ड डिस्क पुन्हा विकत घेता येते. परंतु जात्यावरची ओवी गाणारी आजी हयात नसेल, तर ते ध्वनिमुद्रण पुन्हा होणार नाही.